जाधव बाई, आपलं भांडण अर्धं राहिलंय

जाधव बाई,

तुमच्या शोकसभेत पाच जण बोलले आणि पाचही जणांनी तुम्हाला 'शांत स्वभावाच्या' म्हटलं. शांत! तुम्ही! मी तिसऱ्या रांगेत बसले होते. चौथ्या वक्त्याने 'मितभाषी' असा शब्द काढला आणि मला हसूच आवरेना. तोंडाला पदर लावला, खांदे हलायला लागले. शेजारच्या बाईंना वाटलं मला रडू फुटलं, त्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. आणि त्यांचा हात फिरला तसं खरंच फुटलं.

मग माईक माझ्याकडे आला. मी मान हलवून नको म्हटलं. बोलायचं पुष्कळ होतं, पण त्या सभेशी नव्हतं, तुमच्याशी होतं. त्यात परवापासून एक बातमी पोटात मावत नाहीये. ती सांगतेच. पण मधली चार पावलं गाळून सांगितली तर तुम्हीच मध्ये थांबवाल, म्हणून पहिल्यापासून.

मांडवगण फराट्याच्या शाळेत पाचवीच्या वर्गावर तुम्ही पहिल्यांदा आलात तो दिवस मला अजून दिसतो. तुम्ही पेटी टेबलावर ठेवली, पदराने मान पुसली आणि म्हणालात, "मी जाधव बाई. माझे वडील दौंडच्या बँडपार्टीत क्लॅरिनेट वाजवतात. तुमच्यातल्या निम्म्यांच्या आईबापाच्या लग्नात त्यांनीच वाजवलंय, तवा माझ्या तासाला जास्त शहाणपणा करायचा न्हाई."

वर्ग हसून हसून लोळला. मी घरी जाऊन हे जसंच्या तसं सांगितलं, तर आई शेवंतीच्या पाट्या भरता भरता म्हणाली, "बँडवाल्याची पोर व्हय? मग तिला येणारच की गाणं."

त्या 'येणारच'मध्ये काय काय भरलं होतं, ते कळायला मला बरीच वर्षं लागली. जणू तुम्हाला शिकावं लागलंच नव्हतं! तुम्ही कशा शिकलात ते तुम्हीच एकदा मधल्या सुट्टीत डबा खाताना सांगितलं होतंत. दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये एका गार्डची बायको पेटी शिकवायची. तिच्या तान्ह्या मुलाला मांडीवर घेऊन तुम्ही स्वरलिपी शिकलात. एका हाताने बाळ थोपटायचं, दुसऱ्या हाताने पट्ट्या. तुमचे वडील वरात आटोपून तुम्हाला न्यायला यायचे, पण क्वार्टरच्या फाटकाच्या आत यायचे नाहीत. बँडचा तो लाल कोट, खांद्यावर जरीचे गोंडे, आणि बाहेर उभे. घरी गेल्यावर क्लॅरिनेट काढायचे, तुम्ही आत जे वाजवलं ते सगळं वाजवून दाखवायचे आणि मध्येच थांबून म्हणायचे, "हितं चुकलीस तू."

पुढे तुम्ही पॅसेंजरने पुण्याला ये-जा करून विशारद झालात. एवढं करून नोकरी मागायला गेलात, तर गाण्याच्या बाईची जागा कुठल्याच शाळेत नव्हती. जागा होती हिंदीची आणि कार्यानुभवाची. तुम्ही ती घेतलीत आणि कार्यानुभवाच्या तासाला आम्हाला गायला लावलंत. आमच्या शाळेत कित्येक वर्षं कुणी कागदाचं एक फूल केलं नाही की खडूचा एक साचा ओतला नाही. वेळापत्रकात कार्यानुभव, वर्गात यमन.

विस्तार अधिकारी तपासणीला आले होते ते आठवतंय? मी तेव्हा सहावीत. साहेबांनी वही उघडली आणि विचारलं, "कार्यानुभवात मुलांनी केलेल्या वस्तू कुठंयत? दाखवा."

हेडसरांचा चेहरा पांढराफटक पडला. तुम्ही आम्हाला नुसती डोळ्याने खूण केलीत. आम्ही बेचाळीस जण उभे राहिलो आणि गायला लागलो. साहेब मध्येच थांबवणार म्हणून तुम्ही त्यांच्याकडे पाठच केलीत! गाणं संपलं. साहेब म्हणाले, "छान आहे, पण बाई, वस्तू?"

"आत्ताच केली की साहेब, तुमच्यासमोर," तुम्ही म्हणालात. "ठेवता येत न्हाई, एवढीच काय ती अडचण."

साहेबांनी वहीत काय लिहिलं ते आम्हाला कधी कळलं नाही. पण जाताना ते दारात थांबले आणि म्हणाले, "ते मधलं कडवं परत एकदा होईल का?" आणि हे लोक म्हणतात मितभाषी!

आता माझं. शोकसभेत माझी ओळख 'बाईंची गुणी शिष्या' अशी करून दिली. त्यातलं खरं फक्त तुम्हाला आणि मला माहीत. मी बेसूर होते. थोडीथोडकी नाही, ठार बेसूर. तुम्ही एकेकीला सा लावायला सांगायच्या आणि माझी पाळी आली की वर्ग आधीच हसायला लागायचा. तुम्ही पट्टी दाबून धरायच्या, मी भलतीकडेच काहीतरी काढायची. तुम्ही परत दाबायच्या. चिडायच्या नाहीत, हेच मला जास्त लागायचं. गॅदरिंगच्या आधी दुसऱ्या एका बाईंनी तुम्हाला सुचवलं, "हिला नुसते ओठ हलवायला सांगा ना." तुम्ही फाडकन म्हणालात, "ओठ हलवायला भीमेत मासे हायेत की."

मी रांगेतच राहिले. पण घरी आले की विहिरीवर जाऊन बसायची, कारण तिथे मोटार चालू असायची आणि माझा आवाज कुणाला ऐकू यायचा नाही. अशीच एक दिवस गुणगुणत बसले होते आणि एकदम काहीतरी झालं. आवाज मोटारीत मिसळून गेला. माझा कुठला आणि मोटारीचा कुठला, मलाच कळेना. दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आत तुम्हाला गाठलं. "बाई, मोटारीसंगं माझा आवाज जुळतो!"

दुसरं कुणी असतं तर हसलं असतं. तुम्ही विचारलंत, "किती एचपीची?"

आणि रविवारी तुम्ही आलात! लुनाच्या पुढ्यात पेटी आडवी ठेवून, फुलांच्या वाफ्यांमधून, धुरळा उडवत. दादा, माझे वडील, दारं मोडून वाफ्यांत पाणी सोडत होते, ते खोरं टाकून धावले. त्यांना वाटलं मी शाळेत काही उद्योग करून ठेवलाय. तुम्ही म्हणालात, "पेटी कुठं ठेवू?" दादा म्हणाले, "कसली पेटी? स्टार्टरची पेटी हितं हाय, बाई. वायरमनला बोलवू का?"

आईने घोंगडी अंथरली. तुम्ही मोटारीच्या शेजारी मांडी घातलीत, कान वाकडा केलात आणि एकेक पट्टी दाबत गेलात. ही नाही, ही नाही, ही जराशी खाली. मग तुमचा चेहरा असा उजळला, बाई! "पांढरी पाच! जरा चढी, पण पांढरी पाच! मने, मी तुला सगळ्यांसारखा वरचा सा देत होते गं. तुझा आवाज जाड हाय. तू बेसूर न्हाईस, मीच तुला चुकीच्या दारात उभं करत होते."

शिक्षक असं म्हणतात? 'मीच चुकले' असं? माझ्या अकरा वर्षांच्या आयुष्यात कुणी मोठं माणूस मला असं म्हणालं नव्हतं.

मी सा लावला. मोटार घुमत होती, खाली पेटी धरली होती, वर मी. तुम्ही हाताने 'धर, धर' करत होतात. आणि तेवढ्यात लाइट गेली. मोटार गप झाली. तुम्ही पेटीवरचा हात उचललात. सगळ्या मळ्यात एकच आवाज राहिला, माझा, आणि तो जागचा हलला नाही. आई हातात चहाची किटली घेऊन तशीच उभी. दादांनी डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. तुम्ही घोंगडीवरून उठलात आणि माझ्या पाठीत असा धपाटा घातलात की मी झेंडूच्या वाफ्यात पडले. शांत स्वभावाच्या म्हणे!

त्या धपाट्याने मी इथवर आले. तुम्हीच मला पुण्याला पंडितजींकडे नेलंत, दर रविवारी एसटीने पाठवलंत, दादांची समजूत घातलीत. मी डी.एड. केलं, विशारद केलं, लग्न होऊन नदी ओलांडून राहू गावात आले, इथल्या शाळेत लागले. आणि मला तुमच्यासारखी कार्यानुभवाच्या नावाखाली लपवाछपवी करावी लागली नाही. माझ्या तासाला वेळापत्रकात 'संगीत' असं लिहिलेलं होतं. मी किती चढले होते, बाई! निवडून बारा मुलं घ्यायची, त्यांना घोटून तयार करायचं, स्पर्धा मारायची. शाळेच्या काचेच्या कपाटात ढाली मावेनात. बाकीची मुलं टाळ्या वाजवायला होतीच.

आता डिसेंबरची ती दौंडची समूहगान स्पर्धा. परीक्षकांच्या टेबलाशी तुम्हाला बसलेलं पाहिलं आणि मी खूश झाले. मग निवेदकाने माझा परिचय वाचला. मीच भरून दिलेला कागद. "यांनी पुण्याच्या नामवंत पंडितजींकडे संगीताचं शिक्षण घेतलं आहे." संपलं. तुमचं नाव त्यात नव्हतं. मी फॉर्म भरताना 'गुरू' या शब्दापुढे पेन थांबवला होता, हे खोटं बोलणार नाही. एक क्षण थांबवला होता. मग पंडितजींचं नाव लिहिलं, कारण ते वाचायला मोठं दिसत होतं.

मी विंगेतून तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही पेन्सिलीला टोक करत होतात.

माझ्या मुलांना दुसरा नंबर दिलात. मी बाहेर चहाच्या टपरीवर तुम्हाला गाठलं आणि सरळ भांडायलाच लागले. "काय कमी होतं बाई? एक सूर इकडचा तिकडं नव्हता."

"न्हवताच," तुम्ही म्हणालात. "बारा आणलीस. छान घोटलीस. तुझ्या शाळेत पाचवी ते सातवी किती पोरं हायेत?"

"एकशे साठेक."

"मग बाकीची एकशे अठ्ठेचाळीस काय करतात तुझ्या तासाला?"

"ऐकतात. बाई, स्पर्धेला सगळी शाळा आणता येत नाही! नियम आहे बाराचा."

"नियम स्पर्धेचा हाय, तुझ्या तासाचा न्हाई."

"सगळ्यांना घेतलं की सगळंच बेसूर होतं. मग ज्यांना येतं त्यांच्यावर अन्याय होतो. त्याचं काय?" मी आवाज चढवला होता. टपरीवाला बघायला लागला.

तुम्ही चहाचा घोट घेतलात. "हा मुद्दा बरोबर हाय तुझा," म्हणालात. "ह्याला माझ्याकडं अजून उत्तर न्हाई. बघते विचार करून." आणि तुमचे यजमान, अण्णा, रिक्षा घेऊन आले तसं निघून गेलात. परिचयाच्या कागदाबद्दल एक अक्षर नाही. तुम्ही बोलला असतात तर मी काहीतरी सफाई दिली असती.

आठ दिवसांनी तुमचा फोन आला तेव्हा मी वर्गावर होते. नंतर व्हॉट्सअॅपवर मेसेज पाहिला. "मने, वेळ मिळाला की फोन कर. आपलं भांडण अर्धं राहिलंय. मला एक सुचलंय." मी अंगठा पाठवला. नुसता अंगठा, बाई. रविवारी प्रत्यक्षच जाऊ, असं मनाशी म्हटलं. गुरुवारी सकाळी तुम्ही अंगणात कुंड्यांना पाणी घालता घालता पायरीवर बसलात, आणि अण्णा बाहेर येईपर्यंत गेलेल्या होतात.

तिसऱ्या दिवशी मी अण्णांसमोर बसले होते. त्यांना सांगितलं, परिचयाच्या कागदात मी काय केलं ते. कुणाला तरी सांगणं भागच होतं. अण्णा म्हणाले, "ठावं हाय. आली घरी, चप्पल काढली आन् म्हणली, मनीनं पंडितजींचं नाव दिलं, बरंच केलं. माझं दिलं असतं तर मला तिला मार्कच देता आले नसते."

"हसल्या का?"

"हसली की," अण्णा म्हणाले. "पर त्या दिवशी तिनं दोन भाकरी करपवल्या. चाळीस वर्सांत म्या तिची भाकर करपल्याली पाह्यली न्हवती."

मी त्यांना विचारलं, तुम्हाला काय सुचलं होतं? ते त्यांना सांगता येईना. तुमची वही मला दिली. वहीत फक्त एक गाणं होतं, तुम्ही आम्हाला भूगोलासाठी बांधून दिलेलं, भीमेला मिळणाऱ्या नद्यांचं. मी ते माझ्या मुलांना कधी शिकवलं नव्हतं. राग कुठला, रचना काय, फार साधं आहे म्हणून. गाण्याखाली शिसपेन्सिलीने एवढंच लिहिलं होतं, 'बसल्या जागी?'

बसल्या जागी! मी दोन दिवस ते दोन शब्द घोळवत होते. आणि मग राहूच्या शाळेत गॅदरिंगची मीटिंग लागली, आणि एकदम डोक्यात लख्ख झालं. मी उभी राहिले आणि म्हणाले, यंदा समूहगीत बारा जणांचं नाही, पाचवी ते सातवीच्या सगळ्यांचं.

मुख्याध्यापक सर म्हणाले, "मॅडम, आपलं स्टेज चाळीस पोरांचं हाय. एकशे साठ चढवली तर ते आपलं शेवटचं गॅदरिंग व्हायचं."

"चढवायचीच नाहीत सर. जिथं बसलीत तिथंच उभी राहून गातील. मांडवात. आईबापाच्या शेजारी."

"आन् फसलं तर?" सरांनी विचारलं.

"फसलं तर माझं नाव सांगा."

दहा दिवस होते हातात. पहिल्या दिवशी मैदानावर मुलं पांगवून उभी केली आणि गाणं सुरू केलं, तर काय गोंधळ, बाई! तुम्ही असतात तर पोट धरून हसला असतात. 'भामा आली, इंद्रायणी आली, भीमेच्या गं दारी, वेळ आली, मुळा-मुठा, घोड आली भारी.' या टोकाला घोड येऊन पोचली तरी त्या टोकाला अजून इंद्रायणीच चाललेली. माझे बारा घोटलेले गायक रडकुंडीला आले. "बाई, हे सगळं बिघडवतात!" आणि मला माझंच टपरीवरचं बोलणं ऐकू आलं. अन्याय होतो, त्याचं काय?

मग मी त्या बारांना बारा ठिकाणी उभं केलं. एकेकाभोवती बारा-चौदा मुलं. म्हटलं, तुम्ही आता नुसते गायक नाही, तुमच्या घोळक्याचा सा तुम्ही. तो हलला तर सगळे हलले. पोरांचे चेहरेच बदलले! सातवीतली ऋतुजा स्पर्धेत कधी माझ्याशिवाय कुणाकडे बघायची नाही. ती तिसऱ्या दिवशी एका मुलाचं मनगट धरून त्यावर ठेका मोजत होती. तुम्हाला उत्तर सापडत नव्हतं ना, बाई? मला वाटतं अर्धं तुम्ही लिहून ठेवलं होतंत आणि अर्धं मला सापडलं. बघा तुम्हाला पटतंय का.

पाचव्या दिवशी शाळेसमोरून उसाचा ट्रॅक्टर गेला, दोन ट्रॉल्या, आणि डेकवर गाणं असं दणदणीत की खिडक्या थरथरल्या. एरवी अशा वेळी आम्ही थांबतो. मी हात खाली घेणारच होते, तर मुलंच थांबेनात! उलट चढली. ट्रॅक्टरवाल्याने मागे वळून पाहिलं, डेक बंद केला, आणि रस्त्याच्या कडेला गाडी लावून स्टिअरिंगवर हात ठेवून ऐकत बसला. मागे दुसरा ट्रॅक्टर हॉर्न मारतोय, हा हलायला तयार नाही! मी मैदानावर उड्या मारल्या, बाई. अक्षरशः. सरांनी ऑफिसच्या दारातून पाहिलं आणि दार लावून घेतलं.

आणि परवा गॅदरिंग झालं.

निवेदनाला होत्या आमच्या मराठीच्या मॅडम. त्यांनी विचारलं, "परिचय तोच वाचू ना, स्पर्धेचा?" मी म्हटलं, नको, मी सांगते. माईक घेतला. सगळा गाव बसलेला. मी म्हणाले, "मला गाणं मांडवगण फराट्याच्या जाधव बाईंनी शिकवलं. त्यांना त्यांच्या वडिलांनी. ते दौंडच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. तुमच्यापैकी कित्येकांच्या वरातीत वाजवलं असेल. आज आम्ही गातोय ते गाणं बाईंचं आहे." पुढच्या रांगेतले एक म्हातारे आबा मोठ्याने म्हणाले, "वाजवलंय की माझ्या वरातीत! लई ग्वाड वाजवायचा गडी!" मांडवभर हशा पिकला. अशा हशात तुम्ही सुरुवात केली असतीत ना?

मी हात वर केला. ढोलकी सुरू झाली. आणि मांडवात इथून एक, तिथून दोन, मुलं उभी राहायला लागली. लोक माना वळवून बघतात, हे काय चाललंय! पहिली ओळ फाटली, बाई, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या ओळीला उजवी बाजू जुळली. तिसरीला मागची. आणि मग ते एकदम झालं. एकशे साठ मुलांचा आवाज समोरून नाही, सगळीकडून आला. लोकांच्या मांडीजवळून, खांद्याजवळून, कानाशी. कुणीतरी आई आपल्या पोराकडे बघत राहिली तोंड उघडं टाकून. ते आबा उठून उभे राहिले आणि टोपी सावरत गायला लागले. त्यांना गाणं येत नव्हतं, नद्या मात्र येत होत्या!

सगळं सुरात होतं का? नव्हतं. माझ्या कानाला नेमकं कळत होतं कोण कुठे घसरतंय ते. त्यात एक आवाज पाचवीतल्या सीमाचा. सीमाचे वडील इथल्या गुऱ्हाळावर काम करतात, उत्तर प्रदेशातले. ही मुलगी वर्गात हजेरीलाही मान हलवते, बोलत नाही. तिचा आवाज पट्टीच्या खाली, रांगडा, आणि सगळ्यात मोठा. माझ्यातली स्पर्धेची बाई क्षणभर कळवळली. हात तसाच वर ठेवला.

टाळ्या थांबेनात. त्या गर्दीतून सीमाचे वडील स्टेजजवळ आले. शर्टाला गुळाचा वास. हात जोडून म्हणाले, "मैडम, घर में बिटिया इशारे से बात करती है. हम समझे थे, कुछ दोष है गले में. आज बगल में खड़ी होकर... मैडम, वो ठीक गा रही थी ना?"

बाई, याच प्रश्नावर आपण टपरीवर भांडलो होतो. माझ्याकडे माझं उत्तर तयार होतं, वीस वर्षांचं. सुराचं उत्तर. त्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ते उत्तर कुठल्या कुठे गेलं. "बहुत बढ़िया गा रही थी," मी म्हणाले, आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

तर ही बातमी. मी हरले, बाई. दणकून हरले. आणि इतका आनंद झाला की स्टेजच्या पायऱ्या दोन-दोन एकदम उतरून मी धावत मांडवात गेले. सीमा कुठे उभी आहे ते शोधलं आणि तिच्या पाठीत धपाटा घालणार, तोच आठवलं की ती लहानखुरी आहे, पडेल. म्हणून उचलूनच घेतली.

तुमची,
मनी